दोरीचं दुसरं टोक

४ जानेवारी

प्रिय तांडेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. नकाशाच्या कचेरीत चौतीस वर्षं काढल्यावर माणसाचं अक्षर बदलत नाही, फक्त थरथरतं. तू म्हणायचास, भावोजींचं अक्षर बघून मासेसुद्धा रांगेत पोहतील. आता ते रांग मोडतील, पण समजून घे. एकतीस वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा हात थरथरण्याचं सगळं पाप वयाच्या माथी मारत नाही.

तुझा पत्ता माझ्या मुलीने आणला. ती बंदराच्या नियंत्रण कक्षात असते, दिवसभर जहाजांशी वायरलेसवर बोलते आणि घरी आल्यावर आमच्याशी बोलायला तिच्याकडे आवाज उरत नाही. गेल्या महिन्यात गाळ उपसणारी बोट चालवणारा एक सारंग तिच्या टेबलापाशी आला होता. बोलता बोलता म्हणाला, पलीकडच्या बंदरात एक म्हातारा दोर वळायला शिकवतो, रोज सकाळी धक्क्यावर दोन खिळे ठोकून दोरी मापतो, आणि का मापता विचारलं तर म्हणतो, सवय आहे. मुलीने मला जेवताना सहज सांगितलं. माझा घास हातातच राहिला. तेवढ्यात तुझी ताई स्वयंपाकघरातून भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "काय झालं? मीठ जास्त झालं का?" मी हो म्हणालो. मीठ बरोबर होतं.

लिहिण्याचं निमित्त असं. ती माझी निळी वही तुला आठवते? तुझ्या बोटीवर बसून मी शब्द उतरवून घ्यायचो ती. शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी आमच्याकडून एका सुरात म्हणून घेतलं होतं: उपसागर, आखात, भूशिर, सामुद्रधुनी. मला ती कविताच वाटायची. 'सामुद्रधुनी' तर मी अंघोळ करतानाही म्हणायचो. पहिल्याच दिवशी मी तुला तो शब्द मोठ्या ऐटीत ऐकवला, तर तू वल्हं न थांबवता म्हणालास, "भावोजी, एवढ्या लांब नावातून बोट पार होईपर्यंत ओहोटी लागेल." मग तू मला तुझे शब्द द्यायला लागलास. उधाण, म्हणजे पुनवे-अवसेची मोठी भरती, आणि भांग, म्हणजे अष्टमीची लहान. सुकती, म्हणजे ओहोटी. पुळण, म्हणजे काठची वाळू. नुसतं 'पाणी' म्हणून भागत नाही हे मला तू शिकवलंस. गढूळ पाणी वेगळं, गाळाचं वेगळं, खाडीचं गोडसर वेगळं, आणि पहाटे धक्क्याला चिकटून असतं ते तेलकट, झोपाळू पाणी वेगळं.

दोनशे चौदा शब्द आहेत. बंदराच्या शाळेला त्याची पुस्तिका छापायची आहे, नव्याने भरती होणाऱ्या पोरांना वाटायला. मी तुझी परवानगी मागतो आहे, आणि तुझे आभार मानतो आहे. आयुष्यात मला जे काही सुंदर मिळालं त्यातलं निम्मं तुझ्या बोटीत मिळालं, आणि उरलेलं निम्मं, म्हणजे तुझी ताई, तीही तुझ्याच घरातून.

ती बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती कुरकुरत नाही.

तुझा,
भावोजी


१९ जानेवारी

प्रिय तांडेल,

तुझं कार्ड आलं. चारच ओळी, पण मी त्या इतक्या वेळा वाचल्या की कार्डाचे कोपरे मऊ झाले. "शब्द छापा. माझं नाव घालू नका. नाव घातलंत तर मी तिथून का गेलो तेही घालावं लागेल. ताईला जपा."

हे वाचून मी तासभर खिडकीत बसून राहिलो. आमच्या खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं आणि आता गाळ साचून ओहोटीला तो वाळूचा दांडा उघडाच पडतो. त्याच्या टोकाला सिमेंटच्या गोण्या अजून आहेत. गोण्यांचं कापड कधीच कुजून गेलं, पण आत भिजून दगड झालेलं सिमेंट गोणीचाच आकार धरून बसलं आहे. अगदी उशा रचून ठेवल्यासारखं. नकाशावर तिथे काळी फुली आणि 'धोका' हा शब्द मीच लिहिला. माझ्या सगळ्यांत सुंदर अक्षरात.

माझी मुलगी लहान असताना विचारायची, "बाबा, तिथे कोण झोपतं?" मी विषय बदलायचो.

आज बदलत नाही. तुला ठाऊक आहे तेच लिहितो, पण मी ते आजवर कागदावर कधीच लिहिलं नाही.

त्या सकाळी आपण दांड्यावरची खोली मोजणार होतो. तू बोटीवरून शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायचास, आणि मी धक्क्याच्या पायरीवर बसून खांबावरचे आकडे बघून दर दहा मिनिटांनी पाणी किती चढलं ते लिहायचो. तुझ्या मापातून माझं माप वजा केलं, की खरी खोली मिळायची, म्हणजे पुऱ्या ओहोटीला तिथे किती पाणी उरतं ते. माझा आकडा कमी पडला तर नकाशावरची खोली फुगणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

निघताना तू मला एक शब्द दिलास. म्हणालास, "भरती संपलेली असते, ओहोटी लागायची असते, मधे थोडा वेळ पाणी उभं राहतं. त्याला आम्ही उभं पाणी म्हणतो." आणि बोट ढकलून निघून गेलास.

मी चार नोंदी नीट केल्या. मग वही काढली. 'उभे राहिले पाणी क्षणभर, वारा विसरून गेला वाट.' एवढी ओळ झाली आणि 'वाट'ला यमक सापडेना. घाट, थाट, पाट. मी पाण्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून यमक शोधत होतो, आणि माझ्या मागे पाणी उभं नव्हतं, उधाणाच्या जोराने वर चढत होतं. भानावर आलो तेव्हा तास उलटून गेला होता. सहा रकाने रिकामे. मी ते आधीच्या चार नोंदींच्या बेताने भरून टाकले. सावकाश, एकसारखे, दिसायला सुबक. भरती मधल्या वेळात किती धावते हे तू मला दहादा सांगितलं होतंस.

त्यावरून नकाशा झाला. त्या नकाशावर विश्वास ठेवून सिमेंटच्या गोण्या भरलेली बोट ओहोटीला बाहेर पडली आणि दांड्यावर चढून मधोमध फुटली. खलाशी पोहून काठाला लागले म्हणून मी आज हे लिहू शकतो. त्यांचे आभार मी रोज मानतो, त्यांना माहीत नसलं तरी.

यमक 'लाट' होतं. समोरच होती.

तुझा,
भावोजी


२ फेब्रुवारी

प्रिय तांडेल,

तुझं दुसरं पत्र मी तुझ्या ताईपासून लपवून गच्चीवर वाचलं. या वयात गच्चीवर चोरून पत्र वाचणारा नवरा शेजारणीने पाहिला आणि तिची भुवई अजून खाली आलेली नाही.

तू लिहितोस: "तुम्ही पाण्याकडे पाठ करून बसलेले बोटीवरून दिसत होतात. मी हाक मारणार होतो. मग वाटलं, शब्द घावलाय, लिहू द्यावं. म्हणजे निम्मी चूक माझी. आता उकरू नका."

नाही, तांडेल. निम्मी वाटून घेऊ नकोस. गेल्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. विसरलो नव्हतो, गाळली.

रकाने भरून झाल्यावर मी मान वळवून खांबाकडे पाहिलं होतं. पाणी माझ्या आकड्याच्या दीड हात वर होतं. स्पष्ट दिसलं. रबर माझ्या खिशात होतं. पण कागद इतका स्वच्छ दिसत होता, आणि मोठे साहेब खाडाखोड पाहिली की सगळ्यांसमोर कागद वर धरून म्हणायचे, "ही नोंद आहे की कोंबडीचे पाय?" मी स्वतःला समजावलं, पुऱ्या ओहोटीला त्या दांड्यावरून जातंय कोण. आणि कागदाची घडी घातली. भान हरपलं ते मी स्वतःला कधीतरी माफ केलंही असतं. घडी घातली ते नाही.

मग चौकशी झाली. ती खोली आठवते? लांब टेबल, पंखा फिरताना कागद फडफडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. साहेबांनी विचारलं, "चूक खांबाची की दोरीची?" मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तू माझ्या आधी बोललास. "साहेब, दोरी भिजून आखडलेली होती. त्या दिवशी सकाळी मी मापली नव्हती."

साहेबांनी वर पाहिलं. "तू? तू दोरी मापली नाहीस?"

"राहून गेलं, साहेब."

तांडेल, त्या सकाळी दोरी मापली होती. धक्क्यावरच्या दोन खिळ्यांत ताणून, रोजच्यासारखी. एका टोकाला तू होतास. दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

मी तोंड मिटलं.

बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालास, "ताईचे दिवस भरत आलेत. मी एकटा जीव, कुठेही दोर वळीन." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तो हात मला आजही जाणवतो, थंडीत जुनं दुखणं जाणवतं तसा. मी नोकरीत राहिलो. या खिडकीच्या घरात राहिलो. मुलगी शिकली. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कोणी म्हणालं, यांच्या नकाशात चूक शोधून सापडायची नाही. मी हात जोडले, लोकांना वाटलं विनय.

एवढं सगळं तू दिलंस आणि मी तुला साधं 'उपकार झाले' म्हटलं नाही. आज म्हणतो. उशीर झालाय, पण म्हणतो.

तुझा,
भावोजी


११ फेब्रुवारी

प्रिय तांडेल,

या वेळी तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो, कारण राहिलेली गोष्ट तू कधीच विचारणार नाहीस.

तू गेल्यानंतर तीन महिन्यांनी एका दुपारी आमच्या दारावर आलास. हातात लाकडी होडी होती, वीतभर लांब, सुकाणू फिरणारी. तुझ्या भाचीसाठी. मी दार अर्धं उघडलं.

तू म्हणालास, "बघून जातो. दोन मिनिटं."

मी म्हणालो, "दोघी झोपल्या आहेत. आत्ताच लागलाय डोळा."

तू म्हणालास, "मग पायरीवर बसतो."

आणि मी म्हणालो, "नको. शेजारी चौकशीचं बोलतात अजून. थोडे दिवस जाऊ देत."

तू होडी माझ्या हातात दिलीस. खाली उतरताना एकदा वर पाहिलंस, खिडकीकडे.

कोणी झोपलं नव्हतं. तुझी ताई स्वयंपाकघरात होती, पोरगी तिच्या खांद्यावर. आतून तिने विचारलं, "कोण आलं होतं?" मी म्हणालो, "चुकून आलेला माणूस. पत्ता विचारत होता."

खरं कारण शेजारी नव्हते. तुझ्यासमोर बसून चहा प्यायची माझी छाती नव्हती. तू काहीच बोलला नसतास, हसून पोरीला खेळवलं असतंस, आणि तेच मला सहन झालं नसतं.

होडी मी कचेरीत नेली, खालच्या खणात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवली. निवृत्त झालो तेव्हा त्याच गुंडाळ्यांबरोबर घरी आली. तुझी ताई एकतीस वर्षं म्हणते आहे, "माझा भाऊ एकदा तरी भाची बघायला यायला हवा होता." मी प्रत्येक वेळी 'हं' म्हणतो. एका हुंकारात किती खोटं मावतं बघ.

उद्या तिला सांगणार आहे. सगळं. नंतर ती मला घरात ठेवेल की नाही ठाऊक नाही, आणि तू परत या दारात येशील की नाही हेही तिच्याच हातात असेल. माझ्या हातात ते कधीच नसायला हवं होतं.

तुझा,
भावोजी


१७ फेब्रुवारी

प्रिय तांडेल,

सांगितलं.

ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी खांबापासून सुरुवात केली, रबर सांगितलं, दोरी सांगितली. तिचे हात चालूच होते. चौकशीपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "हे मला निम्मं ठाऊक होतं. माझा भाऊ दोरी मापायला विसरला म्हणे! तो श्वास घ्यायला विसरेल एक वेळ." मला वाटलं, निभावलं.

मग दाराची गोष्ट सांगितली.

तिचे हात थांबले. "मी झोपले होते?"

"नाही."

"कुठे होते मी?"

"स्वयंपाकघरात. कोण आलं होतं विचारलंस."

"आणि तुम्ही म्हणालात, चुकून आलेला माणूस."

तिला शब्दन् शब्द आठवत होता, तांडेल. तिने ढिगातून माझे कपडे बाजूला काढले, माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "तुमच्या घड्या तुम्ही करा." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर वाढायची. चहा माझ्यासमोर ठेवायची आणि आपला घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. मी घड्या घालायला शिकलो. बाह्या कुठे मुडपायच्या हे अजून नीट जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी होडी काढून मेजावर ठेवली. संध्याकाळी मुलगी आली, तिने ती हातात घेतली, बोटाने सुकाणू फिरवून पाहिलं. "अजून फिरतं," म्हणाली. मग सुकाणू सरळ करून म्हणाली, "बाबा, ही मला खेळायच्या वयात हवी होती." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आता होडी तिच्या नियंत्रण कक्षातल्या टेबलावर आहे, वायरलेसच्या शेजारी. मोठमोठी जहाजं आत घेते आणि मधेच तिच्याकडे बघते, असं तीच सांगत होती.

पाचव्या दिवशी तुझी ताई माझ्यासमोर बसली. चहाचा तिचा कप माझ्या कपाशेजारी ठेवला. मी तेवढ्यानेच भरून पावलो होतो, पण ती म्हणाली, "पुस्तिकेचं काय?"

मी तिला पहिलं पान दाखवलं. ते मी त्या चार दिवसांत लिहिलं. तुलाही उतरवून देतो: 'हे सगळे शब्द मला माझ्या मेहुण्याने दिले. खोली मोजणाऱ्या बोटीचा तो तांडेल होता. वाळूच्या दांड्यावरची खोली नकाशात चुकली ती त्याच्या दोरीमुळे नव्हे, खांबापाशी बसलेल्या माणसामुळे. तो माणूस मी.'

शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले होते, "आजोबा, शब्दांच्या पुस्तकात हे कशाला? तुमचं नाव खराब होईल." मी म्हणालो, "पहिल्या पानावरची खोली बरोबर असू दे. मग पोरं पुढच्या पानांवर विश्वास ठेवतील." पान तसंच छापायला गेलं आहे. नाव घालायला तू नको म्हणाला होतास, म्हणून नाव घातलं नाही. कारण घातलं आहे.

तुझ्या ताईने पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचलं. मग म्हणाली, "त्याला लिहा, ये म्हणावं. भरतीच्या वेळेला यायला सांगा, दांड्यावर पाणी भरपूर असतं. आणि हे पण लिहा, की दार मी उघडणार आहे. तुम्ही दाराच्या जवळपास दिसायचं नाही."

लिहिलं. जसं बोलली तसं.

तुझा,
भावोजी


५ मार्च, धक्क्याची पायरी

प्रिय तांडेल,

हे पत्र टपालात जाणार नाही, हातात देईन. "रविवारी सकाळच्या भरतीला येतो" हे तुझं कार्ड माझ्या खिशात आहे. त्याच खिशात रबरही आहे.

दार सोडून कुठे बसू, विचारलं तर तुझी ताई म्हणाली, "जिथे बसायला हवं होतं तिथे." म्हणून इथे आलोय. जुना खांब अजून आहे. त्याच्यावर शंख-शिंपले चढलेत, आकडे मात्र मुलीने कोणालातरी सांगून नवे रंगवून घेतलेत. वरच्या पायरीवर तुझी ताई बसली आहे. दारात थांबणार होती ना, विचारलं, तर म्हणाली, "कडी काढून आलेय. दार उघडंच आहे."

आठ वाजले. तीन हात, चार बोटं.

आठ दहा. तीन हात, नऊ बोटं. पाण्याकडे तोंड करून बसलोय.

आठ वीस. तीन हात, पंधरा बोटं. मधल्या वेळात भरती खरंच धावते. तू सांगितलं होतंस आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

आठ तीस. तुझी ताई विचारते, "काय लिहिताय एवढं?" मी म्हणालो, "आकडे." "नुसते आकडेच ना?" "नुसते आकडे."

नऊ. पाच हात. सिमेंटच्या उशा बुडाल्या.

नऊ तीस. पाच हात, वीस बोटं. एकदा सात लिहिले गेले होते. खोडलं आणि बरोबर लिहिलं. कागद घाण झालाय. बघ, कोंबडीचे पाय.

दहा. सहा हात, सहा बोटं.

दहा दहा. सहा हात, सात बोटं.

दहा वीस. सहा हात, सात बोटं.

दहा तीस. सहा हात, सात बोटं.

पाणी उभं राहिलंय, तांडेल. एकतीस वर्षं नुसता शब्द माझ्याकडे होता, आज पहिल्यांदा बघतोय. काडी टाकली तर ती जागची हलत नाही.

तुझी ताई उभी राहिली आहे. हात कपाळाशी नेऊन दांड्याकडे बघते आहे. एक बोट आत वळली, पुढे कोणीतरी बसलेला आहे, पाठ ताठ. ती म्हणते, "तोच. बसण्यावरून ओळखते मी."

पुढची नोंद दहा चाळीसला करायची आहे, पण बोट धक्क्याला लागते आहे आणि तुझ्या हातात बांधायची दोरी आहे. तिचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं. पेन्सिल ठेवतो.